गडग्यापलीकडचा मेस्त्री

भिकाजी मेस्त्री मुंबईला मुलाकडे वारला असं परवा कळलं. मला वाईट वाटलं नाही. हातात शेणाचा गोळा होता तो खाली ठेवला, हात धुतले, आत जाऊन देवापुढे दिवा लावला, कारण शेजार होता. मग बाहेर येऊन राहिलेलं खळं सारवलं.

आमच्या आणि त्याच्या घरामध्ये एक गडगा आहे. जांभ्या दगडाचा, कमरेएवढा, नुसता रचलेला. अलीकडे आमचं घर आणि घरापुढचं खळं. पलीकडे त्याचं घर, विहीर आणि पत्र्याचं गॅरेज. पावसच्या रस्त्याला, गोळपच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर. तोंडावर आमच्या घरातले पुरुष त्याला अहो मेस्त्री म्हणायचे आणि घरात आम्ही अरेतुरे करायचो. सासरी गेलेल्या मुलीची ही अर्धी राहिलेली वही माझ्या फडताळात असते, दुसरं कुणी उघडत नाही, म्हणून मी घरातल्यासारखंच लिहिते.

तो उंच आणि वाळका होता. रस्त्यातून चालतानासुद्धा मान वाकडी करून चालायचा, जसा काही अजून गाडीखालीच आहे. कुठलीही गोष्ट बघताना एक डोळा मिटायचा. सुतार फळी सरळ आहे का बघतो तसं. गाडीकडे तसं बघायचा ते ठीक, पण माणसाकडेही तसंच बघायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याने माझ्याकडे असा एक डोळा मिटून बघितलं आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाला, "बरी हाय. जरा डावीकडे झुकते." मी तेव्हा लाजून अंग चोरून उभी होते. ते त्याचं माझ्याबद्दलचं पहिलं बोलणं.

गडग्याचं भांडण असं. सासऱ्यांच्या वेळी एका पावसात गडगा ढासळला. सासऱ्यांनी तो परत रचला. मेस्त्रीचं म्हणणं, रचताना तो हातभर त्याच्या जागेत सरकवला. माझे मालक सदानंद (मी नाव घेत नाही, इथे एकदा लिहिलं ते पुरे) एवढंच म्हणाले की माझा बाप असं करणार नाही. तिथून पुढे दर वर्षी पाऊस संपला की मेस्त्री काथ्याची दोरी घेऊन बाहेर यायचा. दोरीला हात हात अंतरावर गाठी होत्या. विहिरीच्या कठड्यापासून गडग्यापर्यंत मोजायचा आणि आभाळाकडे बघून मोठ्याने सांगायचा, "बावीस. तेवीस पायजे." दर वर्षी बावीसच भरायचे. गडगा काही चालत नव्हता. तरी तो मोजायचा.

जळकं ऑइल तो गडग्याच्या मुळाशी ओतायचा. माझा शेवगा त्यानेच मेला. मी काही बोलले नाही. मी कुणाशी फार बोलत नाही, लहानपणापासून. शब्द येतात पण ओठापाशी थांबतात. मेस्त्री गिऱ्हाइकांना सांगायचा, "त्या घरात दोन माणसा हायत. एक खोटा बोलतो, दुसरी बोलतच नाय."

गणपतीत वाडीतले सगळे पुरुष घरोघर आरतीला जातात. मेस्त्री आमच्याकडेही यायचा, कारण तो वाडीचा रिवाज आणि रिवाज मोडलेला त्याला चालत नसे. खळ्यात उभा राहायचा, पडवीत चढायचा नाही. झांजा मात्र सगळ्यात जोरात वाजवायचा. शेवटी प्रसाद हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि जाताना गडग्यावर ठेवून जायचा. सकाळी कावळे खायचे. मी दर वर्षी त्याच्यासाठी नारळाची वडी मोठी कापायची आणि दर वर्षी ती कावळ्याला जायची.

हे सगळं मी विसरले असते. एक गोष्ट विसरले नाही. हे, म्हणजे मालक, तेव्हा दारू प्यायचे. एका दुपारी मी भांडी घासत होते आणि गडग्यावरून आवाज आला, "वैनी, तुमचा सामान रस्त्यात पडलाय." मी खरंच सामान समजून गेले. यांना तेलाची बरणी आणायला सांगितली होती, वाटलं पिशवी फाटली. रस्त्याच्या कडेला गटारात हे पडले होते. मेस्त्रीचं गॅरेज तिथून दहा पावलांवर. त्याने उचललं नाही, पाणी दिलं नाही, नुसता कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मी यांना एकटीने ओढत आणताना एक डोळा मिटून बघत राहिला. "उजवीकडनं धरा," एवढं म्हणाला.

त्यानंतरच्या गणपतीत यांनी मूर्तीवर हात ठेवून सोडली. त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली.

धंद्यात मात्र त्याच्यासारखा माणूस रत्नागिरीपासून पूर्णगडापर्यंत नव्हता, हे त्याचा दुश्मनही सांगेल, आणि दुश्मन पुष्कळ होते. गाडीवाला आला आणि सांगायला लागला की मेस्त्री हात वर करायचा. "तू गप ऱ्हा. गाडीला बोलू दे." मग चक्कर मारायचा, लाथेने टायर दाबायचा, वाकून खाली बघायचा. गाडी एका बाजूला ओढते अशी तक्रार असली की त्याचं तोंड जरा सैल व्हायचं, कारण ते त्याचं आवडतं काम होतं. आमच्या सड्यावर रस्त्याचा एक तुकडा अगदी सपाट आहे. बाकी रस्त्याला पाणी जायला कडेकडे उतार असतो, त्यावर धडधाकट गाडीही थोडी डावीकडे जाते. म्हणून मेस्त्री गाडीवाल्याला घेऊन त्या सपाट तुकड्यावर जायचा, बाजूला बसायचा आणि म्हणायचा, "आता हात सोड." माणसं घाबरायची. तो ओरडायचा, "सोड म्हणतो ना. तू धरलास तर ती खरा कशी सांगणार?"

एकदा गणपतीपुळ्याहून येणारं एक कुटुंब थांबलं. मोठी गाडी, पुण्याची. गाडी उजवीकडे ओढत होती. दोन ठिकाणी पुढची चाकं मापून सरळ करून घेतली होती, तरी ओढत होती. मेस्त्रीने त्यांना तासभर बसवलं, चहासुद्धा विचारला नाही. बाईंना मोरीला जायचं होतं तर गडग्यावरून माझ्याकडे बोट दाखवलं, "त्या घरी जा. बाई बोलायच्या नायत, घाबरू नका." मग त्याने पुढची दोन चाकं काढली, उजवीकडचं डावीकडे आणि डावीकडचं उजवीकडे लावलं, आणि सड्यावर चक्कर मारून आणायला सांगितली. ते गृहस्थ परत आले ते चकित होऊन. "आता डावीकडे ओढते."

"मग? चाकाबरोबर रोग गेला. टायर आतून वाकडा हाय. दोनदा मापा घेतलात, एकदा तरी चाक बदलून बघायचात." गृहस्थ काही चांगलं बोलायला गेले तर म्हणाला, "निघा. भर पावसात टायर काढताना मला कोणी आरती ओवाळत नाय."

असा माणूस. कौतुक केलं तरी चावायचा.

आता आमच्या टेम्पोचं लिहिते.

हे पूर्णगडच्या मासेवाल्या बायकांची मासळी रत्नागिरीच्या बाजारात न्यायचे. आठ बायका, त्यांची खोकी, बर्फ, आणि बायकाही मागे हौद्यात बसायच्या. यांनी त्यांना केबिनला लागून एक फळी ठोकून दिली होती. बर्फ वितळून पाणी त्यांच्या पायांत यायचं, साड्या भिजायच्या. म्हणून यांनी हौद्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात एक भोक पाडून घेतलं आणि पूर्णगडला गाडी अशी तिरकी उभी करायचे की पाणी त्या भोकाकडे उतरावं. बायका खूश. त्यांच्यातली मोठी शेवंतीमावशी म्हणायची, "सदा, आमच्या नवऱ्यांना सुचला नाय ता तुला सुचला."

त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या आणि काही दिवसांतच हे म्हणायला लागले की गाडी डावीकडे ओढते. सारखं स्टेअरिंग उजवीकडे धरून ठेवावं लागतं. घरी यायचे तेव्हा उजवा खांदा दाबत बसायचे. रत्नागिरीत दोन ठिकाणी दाखवली. एकाने पुढच्या चाकांची अलाइनमेंट केली आणि कागद दिला, त्यावर सगळं बरोबर. दुसऱ्याने टायर बदलून पाहिले, ब्रेक उघडून पाहिले. दोघांनीही सांगितलं, गाडीत काही नाही.

मग एका सकाळी पावसच्या पुढे ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्याला टेम्पोची डावी बाजू घासली. शेवंतीमावशीचं कोपर खरचटलं. बाकी काही नाही, पण बायका घाबरल्या. गाडी दोनदा तपासलेली, गाडी चांगली, मग बिघाड कुठे असणार. यांची जुनी गोष्ट सगळ्यांना माहीत होती. बाजारात बोलणं सुरू झालं की सदाची परत सुरू झाली. गडग्यावरून मेस्त्रीने ते एका गिऱ्हाइकाला सांगितलं, आम्हाला ऐकू जाईल असं. "गाडी नाय ओढत. बाटली ओढते."

हे पडवीत बसले होते. उठले नाहीत. मला म्हणाले, "तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "मी भात वाढते."

मी तेव्हापासून वास घ्यायला लागले. पाण्याचा तांब्या देताना जवळ उभी राहायची. शर्ट धुवायला घेतला की आधी नाकाला लावायची, गडग्याजवळच्या धुण्याच्या दगडावर, मग भिजवायची. मासळीचा वास यायचा, डिझेलचा यायचा. दुसरा कधी आला नाही. तरी दुसऱ्या दिवशी परत घ्यायची.

दिवाळीच्या आधी शेवंतीमावशीचा निरोप आला. रविवारी सगळ्या बसून ठरवणार, सदाची गाडी ठेवायची की दुसऱ्या कुणाला सांगायचं. दारुड्याच्या गाडीत आम्ही जीव घालणार नाही, असं त्या म्हणाल्या. हे जेवले नाहीत. म्हणाले, "गाडी जाऊ दे. दुसरी मिळेल. पण प्यायलो नाही हे मी कुणाला दाखवू, आणि कसं?" ते माझ्याकडे बघत होते. मी ताटाकडे बघत होते.

गुरुवारी मी खळं सारवलं. पाऊस संपला की आम्ही खळ्यात माती घालून चोपतो आणि शेणाने सारवतो. ते पुरतं वाळायच्या आत हे बाजारातून आले आणि विचारात असल्यामुळे टेम्पो तसाच सरळ आत घेतला. लक्षात आल्यावर मला म्हणाले, "चुकलं," आणि आत जाऊन आडवे झाले.

मी पट्टे मोडायला बसले. हातात शेणाचं पाणी, समोर चाकांचे पट्टे. मग थांबले. गाडी सरळ आत आली की मागची चाकं पुढच्या चाकांच्या पट्ट्यावरूनच जातात, दोन पट्टे उठतात. इतकी वर्षं दोनच पुसत आले होते. आज चार होते. मागच्या चाकांचे दोन्ही पट्टे पुढच्यांच्या उजवीकडे सरकलेले, जसा कुणी माणूस तोंड एका बाजूला करून चालावा. मला अर्थ कळला नाही. पण हात पुढे जाईना.

"वैनी, सारवण पुसू नका."

मेस्त्री गडग्याला पोट लावून उभा होता. एक डोळा मिटलेला. 'सामान' म्हटल्यानंतर आठ वर्षांनी तो सरळ माझ्याशी बोलत होता. बराच वेळ त्या चार पट्ट्यांकडे बघत राहिला. मग विहिरीवर गेला आणि ती गाठींची दोरी घेऊन आला. गडगा मोजायची. ती त्याने आमच्या खळ्यात फेकली.

"पुढच्या चाकाच्या मधल्या नटाला टोक धरा. दोरी ताणा. मागच्या चाकाच्या मधल्या नटापर्यंत आली की गाठ मारा. उजव्या बाजूनं आधी."

मी आधी दोरीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"मी येणार नाय. पाय टाकला तर उद्या म्हणाल, मेस्त्री आमच्या जागेत शिरला. चला, हात पुसा."

मी पदराला हात पुसले. टोक नटाला बांधलं, दोरी ताणली, गाठ मारली. तो पलीकडून ओरडत होता. "पुढची चाका सरळ हायत ना? बघा. दोरी जमिनीला समांतर. ढिली नको. बाईमाणूस दोरी ताणायला घाबरता काय?" मग तेच डाव्या बाजूने. डावीकडे टोक लावलं, दोरी ताणली, तर गाठ नटाच्या पुढे गेली. मी परत लावलं. परत पुढे गेली.

"किती?" तो म्हणाला.

मला तोंडाने सांगता आलं नाही. मी दोन बोटं वर केली.

मेस्त्रीने दोन्ही डोळे उघडले. "डावीकडे दोन बोटं कमी. म्हणजे मागचा सगळा एका बाजूला फिरलाय. हे सगळे गाढव पुढची चाका मापत बसले." मग आमच्या पडवीकडे बघून, मला नव्हे, बोलला, "गाडी घेऊन यायला सांगा. रस्त्यानं, पुढच्या दारानं. गिऱ्हाईक म्हणून."

मी आत गेले. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हटलं, "दोरीने मोजलं. डावी बाजू दोन बोटं कमी आहे."

"कुणी मोजलं?"

"मी."

हे उठून बसले. "म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो."

मला त्यावर काही बोलता आलं असतं. मी म्हटलं, "मेस्त्री गाडी आणा म्हणतो."

"त्याच्या दारात मी जाणार नाही," हे म्हणाले. मग चप्पल घातली आणि गेले.

मी गडग्याशी उभी राहून बघितलं. मेस्त्री यांच्याशी एक शब्द बोलला नाही, टेम्पोशी बोलत होता. "ये बाय. काय केलान तुझा?" मागून जॅक लावला, डाव्या बाजूचे पाटे सोडवले. पाटे म्हणजे चाकाच्या वर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. त्या सगळ्यांच्या मधून एक बोल्ट जातो, तोच चाकांचा दांडा जागेवर धरून ठेवतो. तो बोल्ट दोन तुकडे होऊन मेस्त्रीच्या हातात आला. गंजून फुटाण्यासारखा झालेला. डाव्या बाजूचा दांडा तिथे मोकळा होऊन पुढे सरकला होता. मेस्त्रीने वर बघितलं. हौद्याचं भोक बरोबर त्याच्या डोक्यावर. अजून टिपटिपत होतं.

तेव्हा तो यांच्याशी बोलला. "बायकांचे पाय सुके ठेवलेस. बोल्ट बुडवलास."

मग त्याने नवीन बोल्ट टाकला, पाटे बसवले, दांडा मागे ओढून आणला. मेस्त्रीने परत दोरी लावली, दोन्ही बाजूंना गाठ नटावर आली. मग सड्यावर नेऊन यांना म्हणाला, "हात सोड." हे नंतर मला सांगत होते, हात सोडताना भीती वाटली, गाडी गेलीच असती तर. पण टेम्पो सरळ गेला. मेस्त्री म्हणाला, "बस. उतरव मला," आणि चालत घरी आला.

त्याला आमची दया आली असं मला वाटत नाही. वाकडं चालणारं काही डोळ्यासमोर राहिलं तर त्याला जेवण गेलं नसतं, एवढंच.

रविवारी हे मला म्हणाले, तूही चल. पूर्णगडला किल्ल्याखाली होड्या लागतात तिथे एक छप्पर आहे. बायका पालथ्या खोक्यांवर बसल्या होत्या. यांनी बोल्टाचं सांगितलं. शेवंतीमावशी ऐकत होती, पण तिच्या तोंडावर दिसत होतं की असं कुणीही सांगेल. दुसरी एक म्हणाली, "दारू सोडलेला माणूस रोज नवीन बोल्ट शोधतो."

तेवढ्यात मेस्त्रीची जुनी स्कूटर आली. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याने खिशातून फडकं काढलं, सोडलं आणि बोल्टाचे दोन तुकडे शेवंतीमावशीच्या पुढ्यात ठेवले.

"वास घे."

"मेस्त्री, थट्टा करायला आलास?"

"घे. सगळ्यांनी घ्या. दारूचा येतो काय बघा."

शेवंतीमावशीने तुकडा उचलून नाकाशी नेला. मग हसली. "बांगडा."

"तुमच्या बर्फाचा पाणी, दोन-तीन वर्षा. प्यायलेला हा हाय," मेस्त्री बोल्टाकडे बोट दाखवून म्हणाला. "गाडी मागनं वाकडी होती. अशी गाडी एक दिवस चालवून बघा, खांदा उतरतो. हा तिला रोज सरळ धरून तुम्हाला बाजारात नेत होता. अडीच महिन्यांत एक मोरी घासली. मी असतो तर चार घासल्या असत्या."

 हे खाली वाळूकडे बघत होते.

"सदा चांगला माणूस हाय असा मी म्हणत नाय," मेस्त्री पुढे म्हणाला. "हातभर जागा खाल्लीय माझी. पण प्यायलेला नाय. मी बोललो होतो बाटली, ता चुकीचा बोललो." एवढं बोलून त्याने बोल्ट परत फडक्यात बांधला. तो त्याने ठेवून घेतला, आम्हाला दिला नाही.

शेवंतीमावशी म्हणाली, "सोमवारी नेहमीच्या वेळेला ये रे सदा. आणि ता भोक दुसरीकडे पाड."

मी त्या दिवशी मेस्त्रीला मनातून सगळं माफ केलं असतं. शेवगा, प्रसाद, सामान, सगळं. आम्ही टेम्पोत बसायला निघालो. तो स्कूटर चालू करत होता. मी त्याच्यासमोर थांबले आणि हात जोडायला वर केले. हे माझ्या शेजारीच होते.

मेस्त्री एक डोळा मिटून म्हणाला, "वैनी, तुम्ही कशाला हात जोडता? तुम्ही पण वास घेत होतात की. धुण्याच्या दगडावर, शर्टाचा. गडग्यावरनं सगळा दिसतो."

आणि गेला.

टेम्पोत हे काही बोलले नाहीत. घरी आलो, चहा झाला, तेव्हाही नाही. आजपर्यंत नाही. फक्त तेव्हापासून शर्ट स्वतः धुतात. मी म्हटलं, द्या इकडे, तर म्हणतात, असू दे. ते मी मेस्त्रीला माफ केलेलं नाही. खरं होतं म्हणून तर नाहीच.

पुढच्या वर्षी पाऊस संपल्यावर तो परत गडगा मोजायला आला. तीच दोरी. आमच्या टेम्पोची गाठ तिच्यात तशीच होती, हाताच्या गाठींच्या मध्ये एक जादा. ती त्याने सोडवली नव्हती. मोजताना ती गाठ आली की तिला सोडून पुढची धरायचा. "बावीस. तेवीस पायजे." गणपतीत प्रसाद गडग्यावर. ऑइल मात्र तो नंतर डब्यात साठवायला लागला. पण ते कुणीतरी विकत नेतं म्हणून, असं ऐकलं.

गेल्या वर्षी तो आजारी पडला. हात थरथरायला लागले, नट धरवेना. गॅरेजच्या दाराला कुलूप लागलं. मुलगा त्याला न्यायला मुंबईहून गाडी घेऊन आला. मी खळ्यात होते. पिशव्या गाडीत ठेवल्या, मेस्त्रीला पुढे बसवलं, गाडी आमच्या दारासमोरून निघाली आणि थांबली. काच खाली झाली.

तो माझ्याकडे बघत नव्हता, खळ्याकडे बघत होता. मी सकाळीच सारवलं होतं आणि टेम्पो वरून गेला होता.

"दोनच हायत," तो म्हणाला.

मी दारापर्यंत गेले.

"वैनी, अजून वास घेता?"

त्याच्याशी मी आयुष्यात एक शब्द बोलले नव्हते. दोन बोटं दाखवली होती तेवढीच. म्हटलं, "नाही."

"घेत जा," तो म्हणाला. "नवा बोल्टसुद्धा वर्षानं बघावा लागतो." मग गडग्याकडे हात केला. "तो तेवढा हातभर इकडे हाय. मी मेलो तरी हाय." मुलगा म्हणाला, "बाबा, पुरे आता," आणि गाडी सुरू केली. सड्याच्या सपाट तुकड्यावर गाडी लागली. काच अजून खालीच होती. त्याचा आवाज मला इथपर्यंत आला. "हात सोड जरा. बघू कुठे जाते."

त्या संध्याकाळी हे बाजारातून आले आणि पडवीत माझ्या शेजारी बसले. वारा समुद्राकडून होता, यांच्या अंगावरून माझ्याकडे येत होता. मी श्वास धरून बसले. जितका वेळ धरवला तितका धरला. मग सोडला, आणि घेतला.

बर्फाचा वास होता, आणि बांगड्याचा.

मी मनातल्या मनात मेस्त्रीला एक शिवी दिली आणि चहा ठेवायला उठले.